बँकरकाका

कर्जतमध्ये राहून रेल्वेशी संबंध नाही असा माणूस सापडणं अवघड. कोणी पहाटेची लोकल पकडून मुंबई गाठतो, कोणी फलाटावर वडापाव विकतो, कोणाचं काहीच नसलं तरी तो येताजाता ‘गाडी लेट आहे का हो’ एवढं तरी विचारतोच. बँकरकाका यांच्यातले नव्हेत. त्यांना गाडीने कुठेही जायचं नसतं. गाडी कशी जाते, ते बघायचं असतं. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात असे काका गावागणिक एक निघतील. नावं वेगळी, खांद्यावरची पिशवी तीच: पाण्याची बाटली, चिवड्याची पुडी आणि कधीच रद्द झालेलं एक वेळापत्रक.

हे नाव त्यांना गावानेच दिलं. बोरघाट चढायचा तर कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लावतात, ते बँकर. सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा तो चढ. काकाही कुठल्याही गप्पांना असेच मागून लागतात आणि घाटमाथ्यावर नेऊन सोडतात. तुम्ही म्हणालात, गुडघे दुखतात, की ते म्हणणार, “चढ! चढच वाईट. आता मालगाडीचं बघा...” झालं. तुमचे गुडघे तिथेच राहिले आणि मालगाडी मंकी हिलला पोचली.

घर त्यांनी रुळांना चिकटून घेतलं. पाहुणा वाक्य अर्धवट तोडून गप्प बसतो, गाडी जाते, मग वाक्य पूर्ण होतं. काकूंना याची एवढी सवय झालीय की मेगाब्लॉकच्या रात्री शांततेने त्यांची झोप मोडते. काकांना मात्र खिडकीशी जावं लागत नाही. आतूनच सांगतात, “मागे दोन लावलीत.” तरुणपणी त्यांनी ‘खेकडा’ म्हणतात ते जुनं विजेचं इंजिन पाहिलंय, त्याचं कण्हणं ते अजून तोंडाने काढून दाखवतात, नातवंडं घाबरतात, कुत्रं उठून जातं. वंदे भारत बँकर न लावता घाट चढते, हे मात्र त्यांना अजून पचलेलं नाही. त्यात त्यांना कर्जतचा अपमान दिसतो.

मुलाचं लग्न जमवायला मंडळी पळसदरीला गेली होती. पोहे आले, मुलगी आली, सगळे सावरून बसले. काकांचा पहिला प्रश्न, “मागच्या दारातून फाटा दिसतो का?” दिसत होता. स्थळ त्यांच्यापुरतं तिथेच पसंत!

हा फाटा म्हणजे त्यांचं जुनं दुखणं. १८५६ साली गाडी आली ती खोपोलीपर्यंत, आणि तिथे संपली. पुढे घाट. साहेब पालखीत, बाकीचे तट्टावर नाहीतर पायी, असे खंडाळ्याला चढायचे आणि वर पुण्याची गाडी धरायचे. १८६३ साली बोरघाटाचा मार्ग खुला झाला, मुख्य लाइन वरून गेली आणि खोपोली बसली फाट्यावर. ही हकीगत काका अशी सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, गेल्या वर्षीच भाऊबंदकीत खोपोलीचा वाटा कोणीतरी लाटला. केळवली, डोलवली, लौजी ही नावं ते आजोळच्या माणसांसारखी घेतात. खोपोलीकर बिचारे शटल चुकली की दुसरीची वाट बघत बसतात, त्यांना १८५६ चं काही वाटत नाही.

नवी लाइन सुरू झाली की पहिल्या दिवसांतच तिच्यावर बसून यायचं, हा काकांचा कुळाचार. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल गेली, तेव्हा ते कर्जतहून निघाले. कर्जत रायगडात, उरण रायगडात. चौक गावावरून पनवेल आणि पुढे खाली, असा सरळ रस्ता. पण रस्त्याने गेले तर ते काका कसले? ते आधी ठाण्याला गेले, तिथून नेरूळला, आणि मग उरणच्या गाडीत बसले. आपल्याच जिल्ह्यात जायला दुसरा जिल्हा ओलांडला. खारकोपरच्या पुढे डबाभर लोक मोबाइल बाहेर काढून फोटो घेत होते; काका मनगटावरच्या घड्याळावर डोळे लावून किलोमीटरचे दगड मोजत होते. शेमटीखार, न्हावा-शेवा, द्रोणागिरी. उरणला उतरून समुद्र बघितलात का, असं मी विचारलं. म्हणाले, “समुद्र आहे का तिथे? मला रुळाच्या शेवटी बफर दिसला.”

आता मात्र काम दारात आलंय. पनवेल-कर्जत. एकेरी जुनी लाइन होतीच, पण तिच्यावर मालगाड्या आणि लांब पल्ल्याची काही मंडळी. आपल्या लोकलला तिथे थारा नव्हता. म्हणून एमयूटीपी-३ या मुंबईच्या रेल्वेप्रकल्पातून उपनगरी गाडीसाठी २९.६ किलोमीटरचा नवा मार्ग आखला. मधली स्थानकं चिखले, मोहोपे, चौक. बोगदे तीन: नढाळ, किरवली आणि वावर्ल्याचा २,६२५ मीटरचा. पारसिकचा १९१६ चा बोगदा याच्या जेमतेम निम्मा, हे काका कल्याणच्या साडूला मुद्दाम फोन करून सांगतात. जणू वावर्ल्याचा डोंगर त्यांनी स्वतः सुट्टीच्या दिवशी पोखरला.

खरं तर कर्जतमध्ये ही गाडी कधीचीच धावतेय, फलकांवर. ‘पनवेल हाकेच्या अंतरावर’ असं लिहून जमिनी विकणाऱ्यांनी तिची किती तिकिटं फाडली, त्याला गणती नाही. चौकाच्या बाजूला जा, भाताच्या खाचरातसुद्धा कोणीतरी गॉगल लावून ‘स्टेशन टच’ म्हणत उभा असतो. एकदा अशाच एकाने काकांना गिऱ्हाईक समजून गाठलं. काकांनी त्याला प्लॉटची दिशा विचारली. तो म्हणाला, पूर्व, वास्तुशास्त्राप्रमाणे. काका म्हणाले, “ते नव्हे. अप लाइनच्या बाजूला की डाऊनच्या?” माणूस गाडी काढून निघून गेला. मला विचाराल तर या सगळ्या रेल्वेपुराणात काकाच तेवढे परवडतात. त्यांना त्या गाडीकडून भाव वाढवून नको, वेळ वाचवून नको.

मिनिडोर रिक्षावाल्यांशी त्यांचं जमत नाही ते यामुळेच. नाक्यावरचा एक जण त्यांना हटकून विचारतो, “काका, तुमची गाडी आली की आम्ही काय करायचं?” काका शांतपणे सांगतात, “बसायचं तिच्यात. खिडकी डावीकडची धर.” हे उत्तर त्याला चेष्टेचं वाटतं. काकांना तो प्रश्नच कळलेला नसतो.

उद्घाटनासाठी डिसेंबर २०२५ ही मुदत जाहीर झाली, तेव्हा काकांनी नोव्हेंबरातच दाढीचं सामान पिशवीत टाकलं. तयारी आजही कायम आहे. एकच काळजी त्यांना पोखरते: बोगद्यात खिडकीतून दिसणार काय? त्यावर तोडगा निघालाय, खिडकी न बघता कान द्यायचा. खडी नसलेला रूळ आत वेगळा वाजतो म्हणे.

परवा काकूंनी विषय काढला, “पहिल्या गाडीने जाणारच आहात, तर येताना पनवेलहून वाल घेऊन या. पावशेर.”

“उतरावं लागेल,” काका म्हणाले.

“मग उतरा.”

काकांनी बराच विचार केला. “तीच गाडी परत फिरायला किती मिनिटं घेते, ते वेळापत्रक आल्यावर सांगतो.”