कुरणाला रेंज नाही

गेल्या महिन्यात मला एका विद्यापीठाच्या निधी संकलन समितीवर घेण्यात आलं. माझी पात्रता एवढीच, की साखर कारखान्यांचे दोन माजी चेअरमन आणि एक मेंढपाळ धनगर माझ्या ओळखीचे आहेत. पहिल्या दोघांकडून पैसे काढायचे होते, तिसऱ्याचा फोटो काढायचा होता.

विद्यापीठाला इमारत बांधायची आहे. प्रस्तावावर तिचं नाव ‘लाइव्हस्टॉक अँड रेंज सायन्स बिल्डिंग’ असं आहे. ‘रेंज’ शब्द ऐकताच पहिल्या माजी चेअरमनांनी मोबाईल उंच धरला आणि म्हणाले, “चांगलं काम काढलंत. आमच्या वस्तीवर दोनच दांड्या येतात.” त्यांना समजावून होईपर्यंत चहा दोनदा आला. मग मराठी नाव शोधायला उपसमिती बसली. वनखात्यातून निवृत्त झालेले एक साहेब तीत होते. त्यांनी आयुष्यभर ‘रेंज’चं ‘परिक्षेत्र’ केलं होतं, त्यामुळे नाव ठरलं, ‘पशुधन व परिक्षेत्र विज्ञान भवन’. हे नाव कुणालाच कळलं नाही, म्हणून एकमताने मंजूर झालं.

मी दबकत म्हणालो, “आपल्याकडे याला कुरण म्हणतात.”

सभेत शांतता पसरली. वित्त अधिकाऱ्यांनी उठून दार लावून घेतलं. माझी चूक माझ्या लक्षात आली. मराठी वर्तमानपत्रात कुरण कशासाठी छापलं जातं, हे मला तरी ठाऊक असायला हवं होतं. अमुक खातं भ्रष्टाचाराचं कुरण, तमुक महामंडळ पुढाऱ्यांचं चराऊ कुरण. गुरांची कुरणं हातची गेली तरी भाषेतलं कुरण बारमाही हिरवं आहे. “देणगी मागताना कुरण म्हणालात,” वित्त अधिकारी म्हणाले, “तर समोरचा पहिला प्रश्न विचारणार, चरणार कोण?” माझी सूचना इतिवृत्तात न घेण्याचं ठरलं.

पुढे दरपत्रक निघालं. प्रवेशद्वाराला ५१ लाख. सभागृहाला १ कोटी ११ लाख. प्रयोगशाळेला २५ लाख, पण ती तळमजल्यावर आणि रस्त्याच्या बाजूला असेल तर ३१ लाख. लिफ्टला ११ लाख. तिच्यात देणगीदाराचा फोटो लागणार आणि दार उघडेपर्यंत माणसाला तो पाहावाच लागणार. पाणपोई १ लाख १ रुपया. गवताचं बियाणं, गवताची राखण, चराईच्या पाळ्या या सदरांपुढे नुसती आडवी रेघ होती. मी कारण विचारलं तेव्हा अभियंता माझ्याकडे कीव केल्यासारखं बघत म्हणाला, “साहेब, गवतावर पाटी कुठं ठोकायची?”

या एका वाक्यात महाराष्ट्राचं अर्धं दानशास्त्र आहे. उरलेलं अर्धं कंपन्यांकडे आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजासाठी खर्च करायचे असतात. ते २ टक्के घेऊन एक तरुण गृहस्थ आले. गवत वाचवणं ही कल्पना त्यांना मनापासून आवडली. त्यांनी फक्त फोटो मागितला. मे महिना होता. मेमधल्या कुरणाचा फोटो काढला तर दुष्काळ दिसतो. गवत वरून वाळलेलं असतं, सगळा जीव मुळांत जाऊन बसलेला असतो, आणि मुळांचा फोटो निघत नाही. त्यांनी लिफ्ट घेतली.

देणगीदारांना बोल लावायचा माझा हेतू नाही. नाव कोरून दिलेल्या दानातून मुक्या जनावरांचं भलं झाल्याचा दाखला मुंबईतच उभा आहे. सर दिनशा पेटिट यांनी परळला दिलेल्या देणगीतून त्यांच्या पत्नीच्या नावाने बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय उभं राहिलं, आणि त्याच्याच आधाराने १८८६ साली तिथे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पण दवाखान्याची गोष्ट वेगळी. दवाखान्याला भिंती लागतात, आजारी बैलाला छप्पर लागतं. कुरणाला दोन्ही लागत नाहीत. आपण मात्र भिंत आणि छप्पर सोडून काही द्यायलाच शिकलो नाही.

प्रस्तावाचा उत्तरार्ध जोरदार आहे. २०२६ हे साल संयुक्त राष्ट्रांनी कुरणं आणि पशुपालक यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलंय, हे त्यात ठळक अक्षरांत आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार राज्यात १ कोटीहून जास्त शेळ्या आणि सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत, हेही आहे. खिल्लार, देवणी, डांगी, उस्मानाबादी, माडग्याळ अशी सगळी मंडळी रंगीत चित्रांसह हजर आहेत. ती खातात काय, याला एक ओळ दिली आहे आणि त्या ओळीत छापखान्याची चूक आहे.

आता जागेविषयी. इमारतीसाठी जी २२ एकर जागा ‘उपलब्ध’ झाली, ती सात-बाराच्या भाषेत गायरान आहे, प्रस्तावाच्या भाषेत ‘पडीक’. आपल्याकडे नांगर फिरला नाही ती जमीन पडीक, ही समजूत महसूल खात्याला इंग्रजांनी शिकवली. तो धडा आपण इतका घोटला की त्यावर चार पाय रोज चरतात हे दिसेनासं झालं. मी कायदेशीर सल्लागारांना सर्वोच्च न्यायालयाच्या २८ जानेवारी २०११ च्या निकालाची आठवण करून दिली. गावाच्या सामायिक जमिनींवरची बेकायदा अतिक्रमणं हटवण्याच्या योजना आखा, असं त्यात सगळ्या राज्यांना बजावलेलं आहे. सल्लागारांनी निकाल कोळून प्यायलेला होता. “त्यात अपवादही आहे,” ते म्हणाले. “जिथे शाळा, दवाखाना किंवा एखादी सार्वजनिक सोय आधीपासून आहे, तिथे जागा नियमित होऊ शकते.” मी म्हणालो, “पण इथे आधीपासून काहीच नाही.” ते हसले. “म्हणून तर काम लवकर सुरू करायचंय.”

तेव्हा चित्र असं झालं: कुरणाचा अभ्यास करायला इमारत हवी, इमारतीला जागा हवी, आणि मोकळी जागा म्हणाल तर तालुक्यात कुरणच तेवढं उरलंय.

भूमिपूजनाच्या आदल्या दिवशी मी माझ्या ओळखीच्या मेंढपाळाला, तात्यांना, फोटोसाठी घेऊन गेलो. तात्यांचा वाडा दरवर्षी दिवाळीनंतर कोकणात उतरतो आणि पावसाच्या तोंडाला वर येतो. जागेवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या होत्या, खुंट्या ठोकल्या होत्या. वळवाचे दोन सडाके होऊन गेले होते. तात्या बसले, एका ठोंबातून काडी उपटली आणि माझ्या हातावर ठेवली. पेरापेराला पांढऱ्या केसांचं बारीक कडं होतं. “मारवेल,” ते म्हणाले. “चावून बघा, गोड लागंल.” खरंच गोड होती. मग चार पावलांवरची कुसळी दाखवून म्हणाले, “हिला कुसळ धरायच्या आत मेंढरं हलवाय लागत्यात. न्हाईतर लोकरीत शिरतंय, कोकराच्या कातड्यात घुसतंय. कवा आणायची आन् कवा हलवायची, एवढंच हाय बगा हितं.”

आमच्यासोबतच्या प्राध्यापकांनी हे वहीत उतरवून घेतलं. पहिल्या सत्रातला चार श्रेयांकांचा विषय त्यांना पाच मिनिटांत मिळाला होता.

तात्यांनी काठीने खुंटी हलवून पाहिली. “ही कशाची?”

“इमारतीची, तात्या. तिच्यात कुरणाचा अभ्यास होणार.”

तात्या बराच वेळ रेघांकडे बघत राहिले. मग त्यांनी अगदी सरळ मनाने विचारलं, “आन् कुरण कुठं न्हेनार?”

याचं उत्तर प्रस्तावात आहे, पण ते तात्यांना सांगायला माझी जीभ रेटेना. दुसऱ्या मजल्यावर ‘आभासी कुरण’ होणार आहे. डोळ्यांना यंत्र लावलं की विद्यार्थ्यांना चहूकडे गवत दिसेल, वाऱ्याचा आवाजही येईल. त्या दालनाची देणगी ४१ लाख आहे आणि दुसऱ्या माजी चेअरमनांनी ती कबूलही केली आहे. योगायोग असा की त्याच चेअरमनांच्या शेतात तात्यांची मेंढरं दरवर्षी बसतात. रात्रभर बसतात, सकाळी उठून जातात, मागे लेंड्यांचं खत राहतं आणि उसाला ते मानवतं. या देणगीची पावती आजवर कुणी फाडलेली नाही. करसवलत मागायलाही मेंढरं आलेली नाहीत.

मी समितीचा राजीनामा देणार नाही. राजीनामा दिला की माझ्या खुर्चीचीही देणगी ठरेल. वाचकांना मात्र एक विनंती आहे. तुमच्याकडे आमची पत्रिका आली तर देणगी जरूर द्या, मोठी द्या, फक्त पावतीवर एक अट लिहून द्या: इमारत विद्यापीठाच्या आवारात, वाहनतळाच्या जागेवर बांधावी. तिथे सध्या कुलगुरूंच्या तीन गाड्या सावलीला उभ्या असतात. त्यांना चरायला काही लागत नाही.

देणगी म्हणून दिलेले माझे ५०१ रुपये मी परत मागत नाही. खुंट्या तेवढ्या उपटा.