पासंग

७१.४. सलग तीन महिने, रोज सकाळी, तोच आकडा. चहाआधी काट्यावर चढायचो, उतरायचो, खात्रीसाठी पुन्हा चढायचो. ७१.४. एवढा एकवचनी माणूस आमच्या घराण्यात झाला नाही. सोसायटीच्या बाकावर वजन 'साधारण सत्तर' सांगणं मी सोडूनच दिलं. "एकाहत्तर पूर्णांक चार," असं म्हटलं की समोरचा आपोआप पोट आत घेतो.

मग दवाखान्यातल्या काट्याने ७४.४ दाखवले. मी सिस्टरांना नम्रपणे म्हटलं, तुमचा काटा बिघडलाय. चप्पल काढली, पाकीट काढलं, चष्मा काढला. चष्मा काढल्यावर आकडा दिसेना, तेवढंच समाधान.

घरी येऊन तांदळाची न फोडलेली १० किलोची पिशवी आमच्या काट्यावर ठेवली. ९.६. पाचदा ठेवली, पाचही वेळा ९.६.

"तुमच्यावरच गेलाय," ही म्हणाली. "चुकीचं बोलतो, पण शब्द बदलत नाही."

काटेकोर आणि अचूक यांत इतकं अंतर असेल असं वाटलं नव्हतं. जुन्या वाण्याला ते ठाऊक होतं. तराजूची पारडी कधी सारखी नसायची, म्हणून हलक्या पारड्याला तो लोखंडाचा नाहीतर दगडाचा तुकडा बांधायचा. तो पासंग. या शब्दावर माझा फार जीव आहे. आपला तराजू एका बाजूला कलतो, हे गिऱ्हाईकासमोर दोरीने बांधून कबूल करायचं! माझ्या ओळखीत असा पासंग बांधलेला एकही माणूस नाही. खुद्द किलोग्रॅमलाही नव्हता. पॅरिसजवळ सेव्ह्र इथे प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा १८८९ पासून काचेखाली जपलेला. तोच म्हणजे एक किलो. शंभरेक वर्षांत त्याच्यात आणि त्याच्या भावंडांत सुमारे ५० मायक्रोग्रॅमची तफावत पडली, तरी व्याख्येनुसार चूक भावंडांचीच. (आमच्या थोरल्या काकांचं असंच होतं.) अखेर २० मे २०१९ ला किलो प्लांकच्या स्थिरांकावर सोपवून ठोकळ्याला निवृत्त केलं.

अर्थात पासंगाने माझं भागलं नसतं. पासंग ठरावीक फरक मिटवतो. आमचा काटा अडत्यासारखा शेकडा चार कापतो. गिऱ्हाईक जेवढं जाडं, तेवढी दलाली मोठी. म्हणजे आमच्या काट्याला पासंगही पुरत नाही. मी तो भंगारात काढला.

काढता काढता वही चाळली. माझ्या शेजारच्या रकान्यात दर महिन्याचं आईचं वजन, उगाच हौसेने लिहिलेलं. ३८.४, ३७.२, ३६.०. घाईघाईने कापलेले शेकडा चार परत मिळवले: ४०, ३८.७५, ३७.५. प्रत्येक आकडा वाढला, क्षणभर हायसं वाटलं. उतरण मात्र तशीच राहिली. हा खोटारडा तीन महिने खरं तेच सांगत होता, आणि मी माझा ७१.४ कुरवाळत बसलो होतो.

सोमवारपासून आईच्या तपासण्या आहेत. दवाखान्यातला काटा खरा, मान्य. पण हा आता टाकायचा नाही. आईचं वजन मला याच्यावरच वाढलेलं बघायचंय.