राजा पगार किती देतो?

ड्रॅगन क्वेस्ट या व्हिडिओ गेमच्या आठव्या भागातला नायक जग वाचवायला निघतो तेव्हा त्याच्या खिशात एक उंदीर असतो. पैसे जवळपास नसतातच. सोबतीला यांगस नावाचा एक जाडा, सुधारलेला दरोडेखोर, मागे घोडागाडी आणि गाडीवर बसलेला हिरवा, बुटका, बेडकासारखा दिसणारा ट्रोड राजा. धुलमॅगस नावाच्या विदूषकाने राजदंड पळवला, शाप दिला आणि राजाचं हे असं झालं. राजकन्येची घोडी झाली, तीच आता गाडी ओढते. किल्ल्यातल्या बाकीच्यांची काटेरी झुडपं झाली. एक शिपाई तेवढा जसाच्या तसा राहिला. तो म्हणजे आपण.

मोहन्यातल्या आमच्या हॉलमध्ये मी ही गोष्ट सांगितली तेव्हा आई म्हणाली, "चांदोबात असायच्या अशा." बाबांनी पेपर खाली केला आणि विचारलं, "राजा शिपायाला पगार किती देतो?"

बाबांचा जन्म कंपनीत गेला. मोहन्यात नुसतं 'कंपनी' म्हटलं की कुठली, असं कुणी विचारत नाही. एनआरसी, म्हणजे नॅशनल रेयॉन. 2009 साली ती बंद झाली, पण बाबा त्याआधीच रिटायर झाले होते. युनियनच्या मीटिंगमध्ये मागच्या रांगेतून उभं राहून अडचणीचा प्रश्न टाकणारा जो एक माणूस असतो, तो आमच्या घरात राहतो. पगार नाही म्हटल्यावर त्यांनी पेपरची घडीच केली. भत्ता? नाही. शस्त्रं कोण देतं? आपली आपण विकत घ्यायची. "आणि हा बेडूक काय करतो?" गाडीत बसतो. लढाईत उतरत नाही. "मग बरोबर आहे," बाबा म्हणाले आणि खुर्ची टीव्हीजवळ ओढली.

आम्ही हा खेळ खेळतो तो प्लेस्टेशन टूवर. हे यंत्र 2000 साली जपानात आलं आणि जगभर साडेपंधरा कोटींच्या वर खपलं. त्यातलं एक आमच्या माळ्यावर, आकाशकंदिलाच्या सांगाड्याखाली पडून होतं. धाकट्या भावाने कॉलेजात असताना घेतलेलं. लेन्स साफ करायला मी ते उल्हासनगरला नेलं. तिथे जपानी मार्केट आहे, पण त्यात कपडे मिळतात. जपानी यंत्रवाला निघाला एका जिन्याखाली. त्याने ते उघडलं, आत फुंकर मारली, एक मेलेलं झुरळ चिमट्याने अदबीने बाजूला ठेवलं आणि म्हणाला, "चलेगा. मालिक नहीं चलेगा तब तक चलेगा." हे आश्वासन होतं की माझ्या वयावर शेरा, ते मी विचारलं नाही. नव्या चपट्या टीव्हीला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची भोकंच नसतात, त्यामुळे एक कन्व्हर्टरही घ्यावा लागला. चित्र जरा धुरकट येतं. आईला ते आवडतं. म्हणते, डोळ्यांना त्रास नाही.

जपानात हा खेळ म्हणजे सणच. 1988 च्या फेब्रुवारीत तिसरा भाग विक्रीला आला, तोही बुधवारी. शाळा बुडवून दुकानांपुढे रांगा लावणारी पोरं पोलिसांनी धरली होती. आठवा भाग 2004 च्या नोव्हेंबरात आला, तो शनिवारी. पोरांनी शाळा बुडवू नये म्हणून खेळाने सुट्टी गाठायची, असा तो समंजस देश. चित्रं ड्रॅगन बॉलवाल्या अकिरा तोरियामांची. त्यांचा स्लाइम नावाचा राक्षस म्हणजे निळा, वर टोक असलेला, दात न दाखवता तोंडभर हसणारा थेंब. त्याला तलवार मारायची म्हणजे पाहुण्याच्या बाळाला चिमटा काढल्याचं पाप लागतं. पण पहिले कित्येक दिवस तेवढंच काम असतं. गावाबाहेर जायचं, थेंब मारायचे, चिल्लर गोळा करायची, अनुभवाचे आकडे वाढवायचे, रात्री सरायीत झोपायचं, सकाळी पुन्हा तेच. मी सकाळी आंबिवलीहून गाडी पकडतो आणि रात्री आंबिवलीला उतरतो. हाच कार्यक्रम घरी येऊन विरंगुळा म्हणून पुन्हा का करतो, हे बायकोने एकदा फार शांतपणे विचारलं. मी म्हटलं, इथे निदान लेव्हल वाढते.

मुलगा फोनवर गोळीबार करणाऱ्या पिढीचा. त्याला हे लोक एकेक करून का मारतात तेच कळेना. "बाबा, तो समोर उभा आहे. मार ना! तो तुझी वाट का बघतोय?" कारण आता माझी पाळी आहे. माझं झालं की तो मारेल. ही व्यवस्था बाबांना मात्र एकदम पटली. राक्षस असले तरी नंबराने येतात, म्हणाले.

एक धातूचा स्लाइम असतो. मारला तर अनुभव ढिगाने मिळतो, पण बहुतेक वार त्याला लागत नाहीत आणि तो थांबत नाही. रात्री कल्याण स्टेशनबाहेर 'मोहने?' म्हटल्यावर रिक्षावाला जसा आपल्याकडे न बघताच पुढे सरकतो, तसा तो निघून जातो. हा दिसला की आमच्याकडे स्वयंपाकघरातूनही माणसं धावत येतात.

खेळ सेव्ह करायचा तर चर्चमध्ये जाऊन पाद्र्यापुढे कबुली द्यावी लागते. मनात येईल तिथे सेव्ह नाही. हाच पाद्री मेलेल्याला फी घेऊन उठवतो आणि पुढच्या लेव्हलला किती अनुभव कमी पडतोय तो आकडाही देतो. आमच्या ऑफिसात एचआरने इतकं स्वच्छ कधी सांगितलेलं नाही. सगळेच मेले तर पुन्हा चर्चमध्ये जागे होतो. तेव्हा अनुभव शाबूत असतो, पैसे मात्र निम्मे गेलेले. मधेच लाइट गेली तर यातलं काहीच लागू नाही. आमच्या इन्व्हर्टरवर पंखा आणि ट्यूब आहे, टीव्ही नाही. मग आपण काळोखात, हातात रिमोट, आणि सगळा पराक्रम मागच्या पाद्र्यापर्यंत रद्द. मेमरी कार्ड आठ एमबीचं. त्याला न केलेली कबुली ठाऊक नसते.

निम्मे पैसे जातात हे कळल्यावर आईने सूत्रं हातात घेतली. खेळात बँक आहे, तिथलं सोनं मेल्यावरही सुरक्षित राहतं. फक्त हजाराच्या पटीत भरायचं. "व्याज?" शून्य. आईने तोंड वाकडं केलं, पण भरायला लावलं. आता दुकानात नवी तलवार दिसली की मी मागे बघतो. "जुनीला काय झालंय?" असं उत्तर येतं. जेसिका गटात आली तेव्हा आईने तिच्यासाठी मात्र लगेच पैसे काढून दिले, कारण पोरगी भावाच्या खुनाचा छडा लावायला एकटी घराबाहेर पडलेली. माझ्या नायकाने त्यानंतरही बराच काळ जुन्याच ढालीवर काढला.

राजा एक काम करतो. त्याच्याकडे एक हंडी आहे. तिच्यात दोन वस्तू टाकायच्या आणि चालत राहायचं. काही वेळाने 'टिंग' वाजतं आणि तिसरी वस्तू तयार होते. औषधी पाल्यात औषधी पाला घातला की जास्त ताकदीचं औषध. दूध आणि रेनेटची भुकटी घातली की चीज, ते खिशातल्या उंदराला. 'टिंग' वाजलं की आई आतून "बंद कर रे" म्हणते. आणि बाबा, ज्यांनी घरात कधी गॅसला हात लावला नाही, ते हंडीत पुढे काय घालायचं ते कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवतात.

गेल्या रविवारी धुलमॅगस पडला. मोठी लढाई झाली. आईने बँकेतून पैसे काढायला परवानगी दिली होती, बायकोने भजी तळली होती, मुलाने फोन खाली ठेवला होता. विदूषकाचा दगड झाला, दगडाचा भुगा झाला. आणि राजा बेडूकच! घोडी घोडीच! दुसऱ्या सकाळी जेसिका गायब. राजदंड तिने उचललेला आणि आता तोच तिला चालवतोय. म्हणजे खोट त्या विदूषकात नव्हती, ती दंडातच होती आणि तो नुसता या हातातून त्या हातात फिरतोय.

मुलगा म्हणाला, ही चीटिंग आहे. बाबांनी भजं उचललं.

"साहेब बदलला," ते म्हणाले, "मॅनेजमेंट तीच."

आईचा जीव जेसिकासाठी घेतलेल्या सामानात अडकला होता. ते सगळं तिच्याकडेच गेलं का, की परत मिळेल? मी म्हटलं, बहुधा आधी तिच्याशी लढावं लागेल. "आपण घेऊन दिलेल्या कपड्यांतच?" हो. ती थोडा वेळ टीव्हीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "उरलेले उद्या बँकेत भर. आणि तिला जपून मार."