सिस्टरने राज्य कसे बदलावे : तळेगाव ते इरुंगाट्टुकोट्टै

जीएनएम झालेल्या, कौन्सिलची नोंदणी असलेल्या आणि पुढे पोस्ट बेसिक बीएस्सी करू इच्छिणाऱ्या सिस्टरने राज्य बदलण्यापूर्वी नवऱ्याची बदली होऊ द्यावी. स्वतःच्या मर्जीने निघालेल्या बाईला नातेवाईक फार प्रश्न विचारतात. ह्युंदाईने जानेवारी २०२४ मध्ये जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना घेतल्यापासून बदलीचे निमित्तही हाताशी आहे. कंपनीचा जुना कारखाना चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैला, सिपकॉटच्या औद्योगिक वसाहतीत. हे नाव सासूबाईंना एका दमात म्हणता आले की परवानगी मिळाली असे समजावे.

रस्त्याची चिंता नको. तळेगावचा राष्ट्रीय महामार्ग ४८ कराड, कोल्हापूर, बेळगाव, बंगळूरू करत थेट इरुंगाट्टुकोट्टैला नेतो. वाटेत वेल्लूर लागेल. तिथल्या सीएमसीत १९४६ पासून नर्सिंगची पदवी शिकवतात, तेव्हा गाडीतूनच हात जोडावेत.

सामान असे सुखरूप पोचते. नोंदणीसाठी मात्र महाराष्ट्राच्या कौन्सिलकडून ना हरकत घेऊन तामिळनाडूच्या कौन्सिलकडे अर्ज करावा. तिथला कायदा १९२६ चा आहे. आपल्यासारख्या घाईतल्या बायका त्याने पुष्कळ पाहिल्या आहेत. आता देशभराची एक ऑनलाइन नोंदवहीही आहे, एनआरटीएस. आधार जोडले की नर्सला स्वतःचा एनयूआयडी मिळतो. फक्त आधारवरची बाई आणि प्रमाणपत्रावरची बाई एकच आहे, हे आधी सिद्ध करावे लागते.

हे प्रकरण नीट वाचावे. जीएनएमचे प्रमाणपत्र माहेरच्या नावाचे, आधार सासरच्या नावाचे, बँकेत दोन्हींची खिचडी. त्यात तामिळनाडूत आडनावाचा रिवाज फारसा नाही. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर, मग आपले नाव, संपले. खिडकीपलीकडून ‘इनिशियल?’ अशी विचारणा होईल. ते वडिलांचे, नवऱ्याचे की आडनावाचे, यावर रांगेत उभ्याने चिंतन करू नये. मागच्यांना घाई असते. विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रात छापलेला नावबदल हे दोन्ही कागद निघण्यापूर्वीच करून घ्यावेत, आणि झेरॉक्सवाल्याशी घरोबा ठेवावा.

पोस्ट बेसिक दोन वर्षांचा. एक वर्ष इकडे, एक तिकडे असा बेत आखू नये. सुरू असेल तर इथेच संपवावा. तिकडे प्रवेश घ्यायचा तर गिंडीच्या डॉ. एमजीआर वैद्यकीय विद्यापीठाच्या पात्रता प्रमाणपत्राची आधी चौकशी करावी. इंडियन नर्सिंग कौन्सिलने पाच वर्षांत सीएनईचे, म्हणजे नोकरीत राहून शिकत राहण्याचे, १५० तास सांगितले आहेत, म्हणून ज्या कार्यशाळेतले फक्त जेवण आठवते तिचाही कागद जपावा.

वॉर्डासाठी तीन शब्द पाठ करावेत : ‘वलि’ म्हणजे दुखणे, ‘काय्चल’ म्हणजे ताप, ‘ऊसि’ म्हणजे सुई. नातेवाईक याच्या पलीकडे बोलू लागले की बीपीचा पट्टा बांधायला घ्यावा.

आणि नोंदणी हातात पडेपर्यंत इथली नोकरी सोडू नये. नवऱ्याला पुढे पाठवावे. तोवर त्याने कुकर लावायला शिकावे. त्याला कोणत्याच कौन्सिलची ना हरकत लागत नाही.