चांदीच्या काट्या-चमच्यांचे संग्राहक कसे व्हावे

पहिली अट अशी की घरातली जेवणे हाताने होत असावीत. काटे-सुऱ्या त्यामुळे झिजत नाहीत आणि कोणी मागतही नाही.

काय जमवावे? वेलबुट्टीवाले चमचे जमवणारे पैशाला पासरी आहेत, त्यांच्या पंगतीत बसू नये. सुरुवात व्हिएन्नापासून करावी. १९०३ साली योझेफ हॉफमन आणि कोलोमान मोझर या कलावंतांनी फ्रिट्झ वेर्नडॉर्फर या धनिकाच्या पैशावर ‘वीनर वेर्कश्टेटे’ ही कार्यशाळा काढली. हॉफमनचे काटे सपाट, सरळ, नक्षीला जवळजवळ फाटा दिलेले. १९०६ साली तिथे मांडलेल्या टेबलांचे प्रदर्शन भरले, तेव्हा ते पाहून टीकाकारांना चिरफाडीची हत्यारे आठवली. वेर्नडॉर्फर या नादात कफल्लक झाला आणि १९१४ साली अमेरिकेला गेला. त्याचा फोटो तिजोरीच्या दारावर लावावा.

दुकानात चमचा पुढून पाहू नये. पुढून पाहतो तो गिऱ्हाईक. आपण तो उलटा करून भिंग काढावे. डायनादेवीचे डोके दिसले तर ऑस्ट्रियाच्या सरकारी तपासणीची खूण, शेजारी ३ असेल तर हजारात ८०० भाग चांदी. मग वेर्कश्टेटेचा गुलाबाचा शिक्का, हॉफमनची आद्याक्षरे आणि नशीब असेल तर ठोकणाऱ्या कारागिराचीही. रचनाकाराच्या बरोबरीने कारागिराची सही, हे मात्र मनापासून आवडण्यासारखे आहे.

९० हा आकडा दिसताच मोहरू नये. ती नव्वद टक्के चांदी नव्हे. बारा चमचे आणि बारा काटे मिळून ९० ग्रॅम चांदीचा मुलामा, एवढाच त्याचा अर्थ. आत बहुधा अल्पाका, म्हणजे आपले जर्मन सिल्व्हर: तांबे, निकेल, जस्त. चांदी औषधालाही नाही.

यानंतर चमचा तोंडाशी नेऊन ‘हाऽऽ’ करावे. वाफ धरली की डाख दिलेला सांधा, किंवा जुन्या मालकाची घासून काढलेली आद्याक्षरे क्षणभर उमटतात. दुकानदाराचा चेहराही तेव्हाच वाचून घ्यावा.

व्हिएन्ना परवडत नसेल तर कोपनहेगन. गेओर्ग येन्सनने १९०४ साली तिथे दुकान थाटले. योहान रोडेने त्याच्यासाठी केलेला १९१५ चा ‘एकॉर्न’ नमुना कंपनी अजून बनवते, म्हणजे हरवलेला काटा नवा घेऊन डझन पुरे करता येते. तसे मुळीच करू नये. डझन पुरे झाले की पुढच्या खरेदीला घरात कारण काय सांगणार?

निगा: उकडलेल्या अंड्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते, म्हणून अंडे वर्ज्य. सुरीची मूठ बऱ्याचदा पोकळ असते आणि आत राळ भरलेली. गरम पाण्यात ती मऊ होऊन पाते डुगडुगते, म्हणून डिशवॉशर वर्ज्य. हौसेने घासूनपुसून लख्ख करणारे नातेवाईक तर कडक वर्ज्य. शिक्के झिजले की हॉफमन जातो आणि मोड उरते. त्याच कारणाने घरच्या सराफालाही काही दाखवू नये, तो थेट तोळ्यांवर येतो.

वीनर वेर्कश्टेटे १९३२ साली दिवाळे काढून बंद पडली, तेव्हा माल वाढणार नाही, भावच वाढतील. एवढे झेपत नसेल तर व्हिएन्नाच्या माक संग्रहालयाचे तिकीट काढा. हॉफमन त्यांच्याकडे आहे आणि घासायलाही तेच.