धूर कोणाचा, ठसका कोणाला

"काकू, भर मे महिन्यात खिडक्या लावून बसलात? एसी घेतलात की काय?"

"कसला एसी गं शलाका! डोंबिवलीच्या या उकाड्यात हौसेनं कोण खिडक्या लावतं? सव्वानऊ झाले की तिसऱ्या मजल्यावरची सिगारेट पेटते. ये जरा इकडे कठड्याशी, हळू बोलू."

"म्हणजे ते काका अजून ओढतात? मला वाटलं, नातू आल्यापासून सोडली."

"सोडली कुठली! काकींनी घरात ओढायला बंदी केलीय, नातवासाठी. म्हणून हे गॅलरीत येतात. म्हणजे त्यांच्या नातवाला धूर नको आणि तुझ्या ओवीला चालेल, असा न्याय."

"अहो, ओवीच्या दुपट्यांना वास येतो हो. दोरीवरून काढायची ती परत बादलीत. सर्दी-खोकला हटेना म्हणून डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांचा पहिला प्रश्न, घरात ओढतं कोण? मी म्हटलं, कोणी नाही. तर असे बघायला लागले, जणू मी नवऱ्यावर पांघरूण घालतेय."

"तुझ्या नवऱ्याला सुपारीसुद्धा चालत नाही!"

"तेच ना! रात्री ओवीला थोपटताना मोबाइलवर वाचत बसते मी. म्हणे त्या धुरात सात हजारांवर रसायनं असतात, त्यातली सत्तर तरी कॅन्सरवाली. आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दुसऱ्याचा धूर इतका-इतका चालेल असं काही मापच नाही. थोडासुद्धा वाईटच."

"रात्रीचं असलं वाचू नये, झोप जाते."

"झोप आहे कुठे? बरं, मला एक सांगा, ते ओढतात गॅलरीत, मग कधीकधी आमच्या बाथरूममध्ये कसा वास येतो?"

"पाऊस असला की ते संडासात ओढतात. त्यांचा एक्झॉस्ट तो धूर डक्टमध्ये टाकतो. गरम हवा वर चढते, आणि आपला डक्ट म्हणजे तळापासून गच्चीपर्यंत सरळ धुराडं. वाटेत ज्याची जाळी उघडी, त्याच्या घरी पाहुणा. तू वास आला की काय करतेस?"

"एक्झॉस्ट लावते."

"गॅलरीतून धूर येत असतानाही?"

"हो, जावा बाहेर म्हणून."

"तिथंच घोळ होतो. पंखा जेवढी हवा बाहेर फेकेल तेवढी दुसरीकडून आत येणारच. ती येते गॅलरीतून, धुरासकट. तेव्हा गॅलरीचं दार लाव आणि पंखा बंद ठेव. आणि त्या एक्झॉस्टला मागून झडप बसवून घे. पंखा थांबला की ती आपोआप मिटते, डक्टमधलं काही आत येत नाही. नळाचे पाइप भिंतीतून जातात तिथल्या फटीही व्हाइट सिमेंटनं बुजवायला सांग प्लंबरला."

"करीन. पण खर्च आम्हीच करायचा, आणि ओढायचं त्यांनी? पोलिसात नाही का जाता येत?"

"हवालदार येऊन काय करणार? २००३ चा कायदा आहे, पण तो सार्वजनिक जागेपुरता. त्याआधी आपल्या मुंबईचे मुरली देवरा सुप्रीम कोर्टात गेले होते, २००१ साली कोर्टानं सार्वजनिक जागी ओढायला मनाई केली. मग २००८ च्या गांधीजयंतीपासून नियम आणखी कडक झाले. दोनशे रुपयांपर्यंत दंड. पण माणसाच्या स्वतःच्या गॅलरीत तो कायदा शिरत नाही."

"आणि सोसायटी?"

"सेक्रेटरी होते मी, उपविधी पाठ आहेत. सभासदानं आपल्या गाळ्यात इतरांना उपद्रव होईल असं काही करू नये, असं स्पष्ट आहे. लेखी तक्रार दिलीस तर कमिटीला दखल घ्यावी लागेल. पण त्यात सिगारेट असं कुठं लिहिलंय? उपद्रव की नाही, यावर सगळे वाद घालणार. आणि आपली जनरल बॉडी तुला माहीत आहे. कोरम नाही म्हणून अर्धा तास तहकूब, मग चहा-वेफर्स, मग पार्किंगवरून भांडण, संपली सभा."

"मग सरळ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकते."

"मुळीच नको! बी विंगमध्ये काय झालं ते ठाऊक नाही तुला? हां, तू तेव्हा बाळंतपणाला माहेरी होतीस. दुपारी डक्टमधून तंबाखूचा वास, सगळ्यांना ठसका. लगेच ग्रुपवर बोभाटा, की दुसऱ्या मजल्यावरची भाड्यानं राहणारी पोरंच ओढतात. सेक्रेटरींनी नोटीसही धाडली. पोरं बिचारी कामावर, दुपारी घरात चिटपाखरू नाही. त्यातल्या एकाला तर दमा."

"अगं बाई! मग होतं कोण?"

"चेअरमनच्या सासूबाई. गावाहून आल्या होत्या. सगळे झोपले की तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायच्या, मिश्रीसाठी!"

"काय सांगता!"

"मग काय, नोटीस गुपचूप मागे. पोरांकडे बेसनाचे लाडू गेले. भाडेकरू म्हटलं की लोक आधी त्यांच्याकडेच बोट करतात. म्हणून सांगते, आधी आठवडाभर वहीत टिपून ठेव. किती वाजता, कुठल्या खिडकीतून. तक्रार द्यायची वेळ आलीच तर तेच कामी येतं."

"आणि काकींच्याच कानावर घातलं तर? त्या बरोबर सरळ करतील."

"करतील, आणि गॅलरीही बंद करतील. मग ते रोजच संडासात ओढणार, आणि तो धूर थेट तुझ्या बाथरूममध्ये. मागचं दार उघडायचं काम तूच करशील."

"मग करू तरी काय?"

"ओवीला कडेवर घे आणि काकांना एकट्यांना गाठ, सकाळी दूध आणायला उतरतात तेव्हा. माणूस वाईट नाही गं. पावसात टाकीचा पंप बंद पडला तेव्हा रात्री बारा वाजता तेच टॉर्च घेऊन उतरले होते. सिगारेट सोडा असं मात्र म्हणू नकोस. ते त्यांना घरात रोज ऐकायला मिळतं, आणि सोडायचीच असेल तर फुकट मदतीचा फोन नंबर पाकिटावरच छापलेला असतो. तू एवढंच म्हण, काका, हिची झोपायची वेळ नऊची, उकाड्यानं खिडकी उघडी ठेवावी लागते, तेवढी रात्रीची वर गच्चीवर ओढाल का? नेमकं मागितलं की माणसाला हो म्हणणं सोपं जातं."

"पण काकू, गच्चीला तर कुलूप असतं."

"असतं. एक किल्ली माझ्याकडे आहे. सेक्रेटरी होते तेव्हाची, परत करायची राहिली. ती नेऊन दे त्यांना. कोणी दिली ते मात्र सांगू नकोस हं, नाहीतर यंदाची पहिली नोटीस मलाच यायची."