शेठजी, सिक्युरिटी घरचीच ठेवा!

स्वतःच्या मस्टरवर सुरक्षारक्षक ठेवणाऱ्या समस्त शेठजींस, एका वकिलाचा सप्रेम नमस्कार.

वि. वि. एजन्सीचं बिल परवडत नाही म्हणून आपण गेटवरचा माणूस थेट नोकरीत घेतलात, हे कळलं. यामुळे झालेला आनंद पोटात मावेना, म्हणून हे जाहीर पत्र.

आपली कायदेशीर नजर दाद देण्याजोगी आहे. एजन्सीच्या मागे 2005 चा केंद्रीय कायदा लागलेला. परवाना काढा, प्रत्येक माणसाची पूर्वपीठिका तपासा, वर प्रशिक्षण द्या. 2006 च्या नमुना नियमांत तर 100 तास वर्गात, 60 तास मैदानात, आणि हे सगळं किमान 20 कामाच्या दिवसांत. आग विझवणं, प्रथमोपचार, गर्दी आवरणं, ओळखपत्रं तपासणं, पोलीस ठाण्यात एफआयआर कशी नोंदवतात तेसुद्धा. फौजेतून निवृत्त झालेल्या सुभेदारालाही 40 अधिक 16 तास चुकत नव्हते. आपला माणूस मात्र सुरक्षा पुरवण्याचा धंदा करत नाही, तो आपला नोकर. म्हणजे हा कायदा त्याच्या वाटेला जात नाही. राहिला महाराष्ट्राचा 1981 चा सुरक्षा रक्षक कायदा. तोही मालकाच्या थेट आणि नियमित नोकरांना सोडून बाकीच्यांसाठी. दोन कायद्यांच्या मधली फट शोधून आपण तिथे बरोब्बर प्लास्टिकची खुर्ची टाकलीत.

प्रशिक्षणही आपण आटोपशीर ठेवलंत. सकाळी टोपी, दुपारी शिट्टी, संध्याकाळी ‘लक्ष ठेव रे’. बाकी वेळात तो पाण्याची मोटर चालू करतो, चहा आणतो, कुरिअर घेतो, धाकट्या शेठना क्लासला सोडतो. मधल्या वेळात गेट स्वतःचं स्वतः बघतं.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. एजन्सी असती तर करारात भरपाईचं एखादं कलम असतं, कोर्टात शेजारी उभं राहायला कुणीतरी असतं. आता वाटेकरी नाही. नोकराने कामाच्या ओघात केलेली चूक मालकाच्या खात्यावर जाते, आणि ‘मी त्याला असं करायला सांगितलंच नव्हतं’ हे वाक्य कोर्टाने इतक्या वेळा ऐकलंय की न्यायाधीश ते टिपूनही घेत नाहीत.

समजा, त्याने एका गिऱ्हाइकाला चोर म्हणून पकडलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 40 सामान्य माणसालाही अटकेची मुभा देतं, पण गुन्हा त्याच्या डोळ्यांदेखत घडलेला हवा, दखलपात्र हवा आणि अजामीनपात्रही हवा. शिवाय सहा तासांच्या आत माणूस पोलिसांच्या हवाली करायचा. पाच हजारांच्या आतली साधी चोरी आता अदखलपात्र आणि जामीनपात्र. मात्र माल साठवायच्या इमारतीत झाली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 305, तिथे चित्र वेगळं. आपलं दुकान यातलं कशात बसतं, यावर दोन वकील दिवसभर भांडू शकतात. आपल्या रक्षकाने ते दारात उभं राहून, हातात सापडलेल्या परफ्यूमच्या बाटलीकडे बघून ठरवायचंय. चुकला आणि पोराला स्टोअररूममध्ये कोंडलं, तर त्याच न्याय संहितेचं कलम 127: वर्षभरापर्यंत कैद. झडती घ्यायचा तर त्याला अधिकारच नाही. गिऱ्हाइकाने राजीखुशीने पिशवी उघडली तर बघायची.

आणि तो गाड्या लावतो, ते तर फारच छान. ‘वाहने स्वतःच्या जबाबदारीवर उभी करावीत’ ही आपली पाटी मी कौतुकाने वाचली. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलातही तशीच सूचना होती, गाडी लावायला घेताना दिलेल्या पावतीवर छापलेली. 1998 साली तिथून पाहुण्याची मारुती झेन चोरीला गेली. रक्षकाने अडवायचा प्रयत्न केला, चोर भरधाव निघून गेला. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, किल्ली आपल्या हातात घेतल्यावर निष्काळजीपणा झाला असेल तर पावतीमागे लपता येत नाही. पाटीमागेही नसेल, असं मला वाटतं. पण पाटी ठेवा, रंग चांगला आहे.

एका बाबतीत मात्र थट्टा सुचत नाही. 13 जून 1997 ला दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात 59 माणसं गेली. बाल्कनीचा दारवान जागा सोडून गेला होता आणि बाहेर पडायचं दार बंद होतं. दारवान दोषी ठरला, मालकही ठरले. आणि 2011 मध्ये भरपाई वाटताना सर्वोच्च न्यायालयाने 85 टक्के बोजा सिनेमागृहाच्या परवानाधारकावर टाकला, उरलेला वीज मंडळावर. दार उघडं ठेवायला कुणाला तरी शिकवायचा खर्च त्यापुढे किती, तो हिशेब आपले दिवाणजी करतील.

प्रशिक्षणावर पैसे घालवू नयेत, अशी माझी व्यावसायिक विनंती. मुलीच्या लग्नाची तारीख ठरली आहे.

आपला कृपाभिलाषी,
आपला (लवकरच होणारा) वकील

ता. क. चहा घेऊन आला की त्याला विचारा, आग विझवायच्या सिलिंडरची पिन कुठे असते. तो ‘शेठ, तो सिलिंडर आपण भाड्याने आणलाय ना, हात लावू का?’ म्हणाला, तर माझी फी आगाऊ पाठवा.